रक्कम माझ्यासमोर अदा केली

१९९३ साली भोसरीतल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल, म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या खात्यात ट्रेनी म्हणून लागलो. एकट्याने करायचं म्हणून मिळालेलं पहिलं काम म्हणजे दर महिन्याच्या सात तारखेला ठेकेदाराच्या पगारवाटपाला उभं राहणं. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातच तशी तरतूद होती. ठेकेदार पगार वाटत असताना मूळ मालकाचा, म्हणजे कारखान्याचा, माणूस हजर पाहिजे, आणि वाटप झाल्यावर त्याने रजिस्टरवर सही करून लिहून दिलं पाहिजे की ही रक्कम माझ्यासमोर अदा केली. स्क्रॅप यार्डाला लागून पत्र्याची शेड होती. त्यात एक लोखंडी टेबल, टेबलावर नोटांची थप्पी, रजिस्टर आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड. मुकादम नाव पुकारायचा, माणूस पुढे यायचा, नोटा मोजायचा, अंगठा उठवायचा आणि निघायचा. चाळीसेक माणसं. तासाभरात आटपायचं. मी सही ठोकायचो आणि मुकादम मला चहा पाजायचा.

तिसऱ्या महिन्यात पाऊस होता म्हणून मी शेडच्या मागच्या बाजूने, पत्र्याच्या आडोशाने निघालो. तिथे मुकादमाचा भाऊ छत्री घेऊन उभा होता. पगार घेऊन बाहेर पडलेला प्रत्येक जण त्याच्या हातात काही नोटा परत ठेवत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत होती तशीच इथेही रांग होती.

मी धावत साहेबांकडे गेलो. आमचे पर्सोनेल मॅनेजर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तू शेडमध्ये होतास ना? मग शेडमध्ये झालं त्याची सही करायची. शेडच्या मागचं रजिस्टर कुठाय?" पुढच्या महिन्यात मी पुन्हा सही केली. त्याच्या पुढच्या महिन्यातही केली. दोन वर्षं करत होतो.

आता निवृत्त झाल्यावर मला एचआरवाल्यांच्या, म्हणजे आजच्या पर्सोनेलवाल्यांच्या, कार्यशाळांना बोलावतात. विषय बहुतेक वेळा 'नेतृत्व' हाच असतो. पडद्यावर गरुड असतो, होकायंत्र असतं, शिडाची होडी असते. एचआरने 'व्यवसायाचा भागीदार' व्हावं, 'संस्कृतीचा शिल्पकार' व्हावं असं कुणीतरी सांगतं आणि टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेत बसून त्या शेडचा विचार करत असतो. तीस वर्षांच्या नोकरीनंतर माझं मत अगदी साधं झालंय. एचआरच्या माणसाच्या हातात मशीन नसतं, गिऱ्हाईक नसतं, पैसाही नसतो. त्याच्या हातात असते ती सही. नेमणुकीच्या पत्रावर, चार्जशीटवर, अप्रायझलच्या, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या, तक्त्यावर, ठेकेदाराच्या बिलावर, माणूस सोडून जाताना त्याच्या हिशेबावर त्याची सही लागते. त्याचं नेतृत्व काय असेल ते या सहीत. कोणत्या कागदावर ती करायची नाही हे ज्याला ठरवता येत नाही त्याने गरुडाचं चित्र लावू नये.

हे मत काही नवीन नाही. किंबहुना हा पेशा जन्मालाच आला तो याच कारणासाठी. मुंबईच्या गिरण्यांत माणूस लावायचा आणि काढायचा अधिकार जॉबरकडे होता. जॉबर गावाकडून माणसं आणायचा, त्यांच्याकडून दस्तुरी घ्यायचा, उसने द्यायचा, खोली बघून द्यायचा आणि मर्जी फिरली की दारही दाखवायचा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितलं की ही लाचखोरी मोडायची तर भरती जॉबरच्या हातून काढून घ्या आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा. म्हणजे आमच्या धंद्याच्या मूळपुरुषाचं काम मुकादमाच्या भावाला छत्रीखालून हाकलणं हे होतं.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी, सक्तीचा केला. आज विशीतल्या एचआरला हे पद म्हणजे कँटीनच्या भाज्या चाखणारा माणूस वाटतो. पण काही राज्यांच्या नियमांत त्या पदाभोवती केवढी कुंपणं घातलेली होती ते वाचण्यासारखं आहे. वेल्फेअर ऑफिसरने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात मालकातर्फे उभं राहायचं नाही, आणि त्याला नोकरीवरून काढायचं तर आधी सरकारची लेखी संमती घ्यायची. पगार मालकाचा, पण मान मालकाच्या मुठीत नाही. कागदावर तरी नाही. प्रत्यक्षात बहुतेक कारखान्यांत एकाच माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर 'पर्सोनेल अँड वेल्फेअर' असं लिहून दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात बांधली गेली. सकाळी त्याने चार्जशीट द्यायची आणि दुपारी त्याच माणसाला पतपेढीचं कर्ज मिळवून द्यायचं.

या नाटकाला शिक्षणाची जोडही होती. परळच्या लेबर इन्स्टिट्यूटमध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेत, पुण्यात एमपीएम या पर्सोनेलच्या पदवीला आणि संध्याकाळच्या डीएलएल या कामगार कायद्याच्या पदविकेच्या वर्गात आम्ही कलमं पाठ करायचो. औद्योगिक विवाद कायद्याचं पंचवीस-एफ, तेहतीस-दोन-ब. वरातीत गाणी म्हणावीत तशी आम्ही ती एकमेकांना म्हणून दाखवायचो. त्याचा एक तोटा झाला. कायद्यात बसतं ना, मग झालं, अशी सवय लागली. माझ्या साहेबांचा शेडबद्दलचा प्रश्न हा त्या सवयीतूनच आलेला होता.

मग १९९७ च्या सुमारास अमेरिकेतून नवं वारं आलं. मिशिगन विद्यापीठाचे डेव्ह उलरिच यांनी एचआरच्या चार भूमिका सांगितल्या: धोरणातला भागीदार, बदल घडवणारा, कारभार चोख ठेवणारा आणि कर्मचाऱ्यांचा कैवारी. आमच्याकडे ही मांडणी पोचली तेव्हा दारावरच्या पाट्या बदलल्या. पर्सोनेलचं एचआर झालं आणि हजेरी लावणारं टाइम ऑफिस तळमजल्यावर एकटं राहिलं. चारपैकी पहिली भूमिका सगळ्यांना हवी होती, कारण तिच्यात प्लँट हेडच्या शेजारची खुर्ची होती. चौथीकडे कुणी फारसं फिरकलं नाही. उलरिच यांच्यावर याचा दोष टाकता येणार नाही. त्यांनी चार पानं वाढली होती, आम्ही एकच उचललं.

खुर्ची मिळाली हे चांगलंच झालं, आधी आम्ही दाराबाहेर उभे असायचो. पण खुर्चीची किंमत काय द्यावी लागली ते पाहा. जुना पर्सोनेल ऑफिसर सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीच्या वेळी गेटवर उभा असायचा. त्याला कोण दारू पिऊन आलाय, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन आहे, कोण नेहमीच्या मित्रांना सोडून एकटा डबा खातोय, हे कळायचं. आता तेच कळण्यासाठी वर्षातून एकदा एंगेजमेंट सर्व्हे, म्हणजे कामात मन किती आहे हे विचारणारी प्रश्नावली, पाठवतात. पस्तीस प्रश्न, एक ते पाच गुण, नाव गुप्त. तीन आठवडे रोज स्मरणपत्र, कारण सर्व्हे भरणाऱ्यांची टक्केवारी हे एचआरचंच उद्दिष्ट असतं. २०२४ साली पुण्यातल्या एका तरुण चार्टर्ड अकाउंटंट मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला पत्र लिहिलं आणि ते देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्याबद्दल त्यात पुष्कळ होतं. माझ्या मनात राहिलं ते एवढंच की मुलीच्या अंत्यसंस्काराला ऑफिसमधून कुणी आलं नाही. आमच्या वेळच्या कुठल्याही खडूस पर्सोनेल ऑफिसरने हे होऊ दिलं नसतं. तो हार घेऊन पोचला असता, आणि त्यात माणुसकी किती आणि रिवाज किती हा हिशेब कुणी केला नसता.

आता अप्रायझलचं सांगतो, कारण सहीचा खेळ तिथे सर्वांत उघडा होतो. माझी शेवटची नोकरी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. मार्च महिन्यात तक्ता यायचा. इतके टक्के अ, इतके ब, इतके क. याला बेल कर्व्ह म्हणतात. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये तळाच्या दहा टक्क्यांना दरवर्षी काढायची पद्धत रूढ केली आणि जगाने ती उचलली. पुढे जनरल इलेक्ट्रिकने ती सोडली, मायक्रोसॉफ्टनेही २०१३ साली सोडली, पण आमच्या एक्सेलमध्ये ती राहून गेली. घंटेच्या आकाराची ती रेषा हजारो माणसांची उंची मोजली तर उमटते. अकरा जणांच्या टीममध्ये ती उमटत नाही, आणि मुलाखतीच्या चार फेऱ्यांतून निवडलेल्या अकरांत तर नाहीच नाही. पण तक्त्याला क हवे होते, आणि त्या टीमच्या वाट्याला एक आला.

टीम लीड संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये आला. चांगला मुलगा, कोल्हापूरकडचा. त्याच्या कागदावर एका मुलीच्या नावापुढे क होता. ती सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होती. "सर, ती निम्मं वर्ष नव्हतीच, मग तिला दिला तर बाकीच्यांवर अन्याय नाही होत," असं त्याने सांगितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच कोडं सुटल्याचं समाधान होतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सव्वीस आठवड्यांची रजा आली. त्या रजेमुळे बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत हे तर कायद्यात पहिल्यापासूनच आहे. मी त्याला कलम सांगितलं नाही. त्याच्या वरच्या डिलिव्हरी हेडला मेल केला: अमुक व्यक्तीला क श्रेणी देण्याचं कारण रजा आहे असं समजलं, कृपया हेच कारण नोंदवायचं का ते लेखी कळवावं.

दहा मिनिटांत फोन आला. "छोडो यार, किसी और को दे दो."

'लेखी द्या' हे आमच्या धंद्यातलं सर्वांत धारदार हत्यार आहे आणि कोणत्याही कार्यशाळेत ते शिकवत नाहीत. वरून येणारे निम्मे हुकूम तोंडी असतात ते काही योगायोगाने नाही. ते लिहायला सांगितले की देणाऱ्यालाच ते वाचावे लागतात. आवाज न चढवता, कायद्याचं पुस्तक न उघडता, 'साहेब, तुम्ही म्हणता तसं करतो, फक्त एक ओळ टाकून द्या' एवढं म्हणायचं. यात तुम्ही नकार दिलेला नसतो. तुम्ही फक्त सहीचा मालक बदललेला असतो.

मात्र या गोष्टीचा शेवट मी लपवणार नाही. क दुसऱ्या एकाला गेला. तो शांत मुलगा होता, कुणाशी भांडायचा नाही. जूनमध्ये तो सोडून गेला. मी एक सही अडवली आणि तक्ता तसाच राहिला. त्या वर्षी मला तक्त्यावरच 'लेखी द्या' म्हणायला पाहिजे होतं. ते मी म्हटलं नाही, कारण माझंही इन्क्रिमेंट त्याच महिन्यात होतं.

यावर कुणीही शहाणा माणूस विचारेल की अहो, एचआर हा पगारी नोकर. त्याने नाही म्हटलं तर त्यालाच काढतील आणि सही करणारा दुसरा आणतील. मग त्याच्या घराचे हप्ते तुम्ही भरणार का? आक्षेप खरा आहे. त्यात आणखी भर घालतो. निर्णय दुसऱ्याचा आणि तोंड एचआरचं, ही आमची कायमची अवस्था. १८ जुलै २०१२ ला हरियाणातल्या मानेसरच्या मोटार कारखान्यात जो हिंसाचार झाला त्यात कंपनीच्या एचआरचे महाव्यवस्थापक मरण पावले. आमच्या पिढीतल्या प्रत्येक एचआरवाल्याला ती संध्याकाळ आठवते. त्यानंतर अनेक कारखान्यांत एचआरच्या दाराला कार्डाचं कुलूप आलं. ज्याच्या हाती निर्णय नाही त्याला दाराआड बसवून काय साधलं हे मला अजून समजलेलं नाही.

तरीही या आक्षेपात एक गफलत आहे. तो असं धरून चालतो की मालकाला नेहमी सहीच हवी असते. माझा अनुभव वेगळा आहे. मालकाला, म्हणजे ज्याचे पैसे अडकलेले आहेत त्याला, कारखाना चालू राहायला हवा असतो. सही हवी असते ती मधल्या माणसाला, ज्याचा या तिमाहीचा आकडा बसायचा असतो. प्लँट हेड तीन वर्षांत बदलून जातो. त्याने तोंडी काढायला लावलेल्या माणसाची केस लेबर कोर्टात त्याच्यानंतरही चालू असते, आणि तारखेला फाइल घेऊन उभा राहतो तो एचआरचा माणूस. म्हणून एचआरची निष्ठा कंपनीशी असावी असं मी म्हणतो तेव्हा कामगारांची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. युनियनचं काम युनियनने करावं. तेही ती नेहमी करते असं नाही. मी चार वेतनकरारांच्या वाटाघाटींना बसलो. एकाही करारात पर्मनंट कामगारांच्या युनियनने कंत्राटी माणसांचा विषय शेवटपर्यंत रेटला नाही. पहिल्या बैठकीत मागणी क्रमांक सतरा, शेवटच्या बैठकीत गायब. आम्हालाही ते सोयीचंच होतं.

कंत्राटी माणसांचा विषय निघालाच आहे तर चाकणकडे चला. तिथल्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात पाळी सुटताना उभे राहिलात तर युनिफॉर्मच्या रंगावरून माणसाची जात कळते. पर्मनंटचा एक रंग, ट्रेनीचा दुसरा, ठेकेदाराच्या माणसाचा तिसरा. एकाच लाइनवर, एकाच टॉर्क गनने, एकच बोल्ट आवळणारी तिघं. टेंपररीला सात महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे कायद्याचं संरक्षण मिळायला लागणारे दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत घरी पाठवतात आणि मग नव्या नंबरवर परत घेतात. मी एका मुलाला सहा वेळा परत घेताना सह्या केल्या आहेत. दर वेळी त्याच्या फॉर्मवर 'पूर्वानुभव' या रकान्यात आमच्याच कंपनीचं नाव असायचं. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, घरची माणसं बोलावतात, मुलं फोर्कलिफ्टवर बसून फोटो काढतात. त्या दिवशी पेढे सगळ्यांना सारखे. दिवाळीला मात्र पर्मनंटला पाच लिटरचा कुकर आणि ठेकेदाराच्या माणसाला सोनपापडीचा पुडा. कुकर आणि सोनपापडी एकाच टेबलावरून, वेगवेगळ्या याद्या पाहून वाटल्या जातात, आणि त्या याद्या एचआर बनवतं.

इथे पैशाचा मोठा प्रश्न आहे हे मला मान्य. स्पर्धा आहे, ऑर्डर वरखाली होतात, सगळ्यांना पर्मनंट करणं परवडत नाही. ते आपण बाजूला ठेवू. पण एचआरच्या मासिक अहवालात 'एकूण मनुष्यबळ' असा आकडा असतो त्यात कंत्राटी माणसं नसतात, हे कोणत्या खर्चामुळे? अपघात झाला तर तो आकड्यात येत नाही कारण माणूसच आकड्यात नाही. मी नव्या मुलांना सांगतो की पहिला बदल इथून करा. गेटमधून आत येणारं प्रत्येक डोकं मोजा आणि तो आकडा पहिल्या पानावर लिहा. याला पैसे लागत नाहीत. एका ठिकाणी एका मुलीने हे केलं तेव्हा तिच्या डायरेक्टरने विचारलं की हे लोक आपल्याकडे कधी लागले. तीन वर्षांपूर्वी, असं तिने सांगितलं.

तसंच भाषेचं. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, प्रवेशद्वाराजवळ लावले पाहिजेत असं १९४६ च्या कायद्यात होतं. बऱ्याच ठिकाणी ते अजूनही मराठीत लागलेले असतात, काच धुळीने भरलेली, आणि आतलं मराठी असं की मराठी माणसाने दोनदा वाचावं. आता लाइनवरची निम्मी पोरं ओडिशा, बिहार, झारखंडकडची. त्यांना समजेल अशी भाषा कोणती याचा विचार कायद्याने १९४६ साली केला होता, आपण अजून करायचाय.

आणि आता ते सगळे कायदेच बदललेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत गेले. त्यांच्या बऱ्यावाईटावर वेगळा लेख होईल. कामगारकपातीला सरकारची परवानगी आणि स्टँडिंग ऑर्डर लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेल्यामुळे मधले कारखाने मोकळे सुटले, हे मला स्वतःला धोक्याचं वाटतं. पण एचआरने कुरकुर करण्याऐवजी हातात घ्याव्यात अशाही दोनचार गोष्टी त्यात आहेत. वेल्फेअर ऑफिसर आता पाचशेऐवजी अडीचशे कामगारांवरच लागतो. नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला द्यावंच लागतं. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते, आणि तिच्यात मालकाची जितकी माणसं तितकीच कामगारांची. कामगारांची नावं एचआरनेच केबिनमध्ये बसून लिहिली तर समिती कागदावर होईल, आणि मला भीती आहे की बहुतेक ठिकाणी ती तशीच होईल. महिलांच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समित्या आल्या तेव्हा आपण हेच केलं होतं.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची तरतूद हिशेबाची आहे. काढलेल्या माणसाचा पगार दोन दिवसांत चुकता करायचा हे जुन्या कायद्यातही होतं. वेतन संहितेने त्यात राजीनामा देणाऱ्यालाही घेतलं. कामाचे दोन दिवस. आपल्याकडे 'फुल अँड फायनल'ला, म्हणजे या शेवटच्या हिशेबाला, पंचेचाळीस दिवस लागतात हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक ते कायद्यातलंच समजतात. पंचेचाळीस दिवस का लागतात? नो ड्यूजचा, म्हणजे याच्याकडे काही बाकी नाही असं प्रत्येक खात्याने लिहून द्यायचा, फॉर्म बघा. स्टोअर, टूल रूम, कँटीन, आयटी, सिक्युरिटी, पतपेढी, अकाउंट्स, लायब्ररी. माझ्या एका जुन्या कंपनीत लायब्ररी बंद होऊन बारा वर्षं झाली होती, पुस्तकं रद्दीत गेली होती, तरी फॉर्मवर रकाना होता. त्यात कँटीनचा सुपरवायझर सही करायचा, आणि तो दुसऱ्या पाळीला असला की माणूस थांबून राहायचा. नोकरी सोडलेला माणूस आत येऊ शकत नाही म्हणून तो सिक्युरिटी केबिनच्या बाकावर बसतो. कालपर्यंत ज्याला 'शिंदे, चहा घेणार का' म्हणत होते त्याची आज व्हिजिटर म्हणून नोंद होते. आत काम करणारे सगळे जेवायला जाता-येता त्याला बघतात. तुमची एंगेजमेंट तिथे ठरते. पस्तीस प्रश्नांची गरजच पडू नये.

त्या कंपनीत मी लायब्ररीचा रकाना काढला. एवढ्याशा कामाला सात महिने लागले, कारण फॉर्म गुणवत्ता प्रणालीत नोंदलेला होता आणि त्याला नवा आवृत्ती क्रमांक द्यावा लागत होता. माझ्या नोकरीतलं हे सर्वांत यशस्वी नेतृत्व.

परवा एका मुलीचा फोन आला. चाकणला एका कारखान्यात एचआरमध्ये आहे, नोकरीला तीन वर्षं झाली. आता पगार बँकेत जमा होतो, शेड नाही, शाईचं पॅड नाही. ठेकेदार बँकेचा उतारा पाठवतो, एचआर तो संगणकावर चढवतं आणि 'पडताळणी केली' या चौकटीत खूण करतं. खूण झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पुढे सरकत नाही. ही मुलगी आठ तारखेला संध्याकाळी पैसे काढायला नाक्यावरच्या एटीएमला गेली. आत ठेकेदाराचा माणूस उभा होता. त्याच्या हातात पत्त्यांच्या कॅटसारखा कार्डांचा गठ्ठा होता, प्रत्येक कार्डाला चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर चार आकडे. तो एकेक कार्ड घालून पैसे काढत होता. तिला बघून त्याने अदबीने बाजूला होऊन विचारलं, "मॅडम, तुमचं आधी करून घ्या."

तिने खूण केलेली नाही. बिल अडकलंय. प्रॉडक्शन हेड दिवसातून चार वेळा फोन करतोय, कारण सोमवारपासून ठेकेदार माणसं पाठवणार नाही म्हणतो. ती प्लँट हेडला टिपण देणार आहे आणि त्याचा मसुदा तिने मला पाठवला. अडीच पानं होती, त्यातलं दीड पान कलमं. मी तिला कलमं काढायला सांगितली आणि तारीख, वेळ, एटीएमचा पत्ता आणि कार्डं अंदाजे किती होती ते वर घ्यायला सांगितलं. शेवटी एक ओळ टाक म्हटलं: या महिन्याची पडताळणी करायची की नाही, ते कृपया लेखी कळवावं.